किल्ल्या कोणाच्या कमरेला?

प्रभादेवीच्या किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं, तर डाव्या अंगाला वरळीचा किल्ला येतो आणि उजव्या अंगाला माहीमचा. दोन्ही इवलेसे. रायगड-राजगड पायाखाली घातलेल्या माणसाला त्यांना किल्ला म्हणायलाही जीभ रेटणार नाही. पण ते एकेकटे बघायचे नव्हतेच. दोघांनी मिळून माहीमच्या उपसागराचं तोंड राखायचं आणि पलीकडे शीव, धारावीचा काळा किल्ला, शिवडी, माझगाव यांनी खाडी आणि बंदर सांभाळायचं, अशी ती साखळी होती. १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी मुंबईत उतरला तेव्हा त्याने या साखळीतल्या बऱ्याच कड्या तोडत आणल्या. शेवटी इंग्रज आपल्या मुख्य कोटात कोंडले गेले आणि औरंगजेबाची माफी मागून, दंड भरून सुटले. म्हणजे प्रभादेवीच्या आजूबाजूचा प्रत्येक बुरुज कधीकाळी कामाला होता. आज त्याच प्रभादेवीत मराठी घरांतली मुलं ड्रॅगन, जादूगार आणि आभाळाला भिडलेले किल्ले असलेल्या जाडजूड कादंबऱ्या वाचतात, त्यावरच्या मालिका बघतात आणि काही जण तसलं मराठीत लिहूनही पाहतात. त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहतोच: अद्भुत कथेतला किल्ला लढाईसाठी असतो की अर्थासाठी? हा वाद मी दोन आवाजांत मांडतो. काका गडकोटांच्या बांधणीत मुरलेले आहेत, पुतणी अद्भुत कादंबरी लिहायला बसली आहे. दोघंही कल्पित, पण दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून कोणालाच अर्ध्यावर थांबवलेलं नाही.

पुतणी : काका, तुमचा तट, खंदक आणि धान्यकोठार मला मान्य, पण ते इतिहासात. गोष्टीत किल्ला येतो तो लढाईचं काम संपल्यावर, आणि याला पुरावा आपल्याच भाषेत आहे. १८१८ मध्ये मराठ्यांचे गड इंग्रजांनी भराभर घेतले. तेव्हापासून ते लष्करी दृष्ट्या निरुपयोगी झाले. त्यानंतर पन्नासेक वर्षांनी, १८७१ मध्ये, मुंबईत निघणाऱ्या ‘विविधज्ञानविस्तारा’चे रामचंद्र भिकाजी गुंजीकर ‘मोचनगड’ लिहितात. मराठीतली ही पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते आणि तिच्या नावातला गड नकाशावर कुठेच नाही, तो लेखकाने रचलेला आहे. हरिभाऊ आपट्यांच्या ‘उषःकाला’तला सुलतानगडही तसाच रचलेला. काळ शिवाजी महाराजांचा, माणसं त्या काळातली, पण गड मनातला. सह्याद्रीत शेकडो खरे गड उभे असताना या लेखकांना खोटा का लागला? कारण त्यांना दगडी गड नको होता, गेलेल्या स्वातंत्र्याचा आकार हवा होता. युरोपातही हाच क्रम दिसतो. तोफांनी तिथले जुने किल्ले निकालात काढले आणि मग १७६४ मध्ये होरेस वॉलपोलने ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ लिहून किल्ल्यात भुताटकी घातली. किल्ला मेला आणि गोष्टीत जन्मला. शिवाय अद्भुत कथेत ड्रॅगन उडत असतो. वरून आग ओतणारं जनावर आलं की तुमच्या तटाची उंची काय कामाची? मग उरतं ते प्रतीकच. मर्विन पीकच्या गॉर्मेनगास्टला तर बाहेरचा शत्रूच नाही. नुसते दालनांवर दालनं, जुनाट विधी आणि त्यांच्याखाली दबलेली माणसं. तिथे रसद किती महिने पुरेल असं कोणी विचारत नाही, आणि तरी अद्भुत साहित्यात त्याच्याइतका गच्च उभा राहिलेला किल्ला सापडणं कठीण.

काका : ड्रॅगनपासूनच सुरुवात करू, कारण तुझा हुकमी पत्ता तोच दिसतो. जॉर्ज मार्टिनच्या कादंबऱ्यांत हॅरनहाल नावाचा अवाढव्य किल्ला आहे. तो बांधणारा राजा समजत होता की दगडाला आग लागत नाही. ड्रॅगन वरून आला, मनोरे मेणासारखे वितळले आणि राजा आत भाजून मेला. आता हा प्रसंग अंगावर का येतो सांग. तट भक्कम होता, बांधायला माणसांच्या पिढ्या खर्ची पडल्या होत्या, जमिनीवरून तो कोणालाच घेता आला नसता, हे लेखकाने आधी पटवलेलं असतं म्हणून. भिंत मुळातच पुठ्ठ्याची असती तर ड्रॅगनच्या आगीला कोणी दाद दिली असती? आणि वरून येणारी आग ही काही कल्पनेतलीच गोष्ट नाही. १८१८ च्या मे महिन्यात रायगड पडला तो तटाला शिडी लावून पडला नाही. समोरच्या पोटल्याच्या डोंगरावर इंग्रजांनी तोफा चढवल्या, तिथून कुलपी गोळे थेट माथ्यावर टाकले आणि गडावरची घरंदारं पेटली. आमचा ड्रॅगन तोच. गंमत अशी की त्यावरचा इलाज शंभर वर्षं आधी लिहून ठेवलेला होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे साधारण १७१५ च्या सुमारास, दुर्गांवर एक सबंध प्रकरण आहे. त्यात बजावलंय की गडाजवळ दुसरा डोंगर असू नये, असलाच तर सुरुंग लावून तो आटोक्यात आणावा, तेही जमत नसेल तर तो मोकळा सोडू नये, बांधून काढावा. हा नियम हवेतून आला नव्हता. १६६५ मध्ये दिलेरखानाने पुरंदरशेजारचा वज्रगड आधी घेतला, तिथून पुरंदरवर मारा केला आणि पुढच्या तहात महाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले. पुरंदरने शिकवलं, आज्ञापत्राने लिहून ठेवलं, रायगडला भोवलं. एवढी गोष्ट एका शेजारच्या डोंगरात दडलेली असताना तुला ती धान्यकोठाराची यादी वाटते!

बरं, जादूचं म्हणशील तर रामशेज बघ. नाशिकजवळचा तो एवढासा गड. १६८२ पासून मोगलांना त्याने काही वर्षं दाद दिली नाही. खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार, म्हणजे आपली तळी उचलायचं त्याला काही कारण नव्हतं. तो सांगतो, गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, तेव्हा किल्लेदाराने लाकडाच्या तोफा करून त्या कातड्याने मढवल्या आणि चालवल्या. सगळे उपाय थकले तेव्हा मोगलांच्या छावणीतला एक मांत्रिक पुढे झाला. भुतं आपल्याला वश आहेत म्हणाला, सोन्याचा नाग करून घेतला, तो हातात धरून फौजेच्या पुढे चालू लागला. वरून गोफणीचा धोंडा आला आणि छातीत बसला. नाग एकीकडे, मांत्रिक दुसरीकडे. अद्भुत कथा लिहिणाऱ्याने हा प्रसंग उशाशी घेऊन झोपावं. जादू आहे, तिच्यावर विश्वास ठेवणारी फौज आहे, पण तिलाही गोफणीच्या टप्प्यात यावं लागतं. टोल्किनला हे कळलं होतं. मिनास तिरिथच्या वेशीवर त्याचा सर्वांत भयंकर मायावी येतो, पण मंत्र नुसता हवेत म्हणत नाही, दरवाजा फोडणारा प्रचंड ओंडका सोबत आणतो. मंत्र आणि धडक एकदम बसते तेव्हा दार फुटतं. त्या शहराचे सात दरवाजे एका ओळीत नाहीत, लागोपाठच्या दरवाजांची तोंडं वेगळ्या दिशांना आहेत. आणि आज्ञापत्रही तेच सांगतं की दरवाजा खालून सरळ दिसेल, मारा होईल असा नसावा, बुरुजांच्या आड घ्यावा. ऑक्सफर्डचा प्राध्यापक आणि सह्याद्रीतला अमात्य, एकमेकांचा गंधही नसताना एकाच वळणावर पोचले, कारण दरवाजाची अडचण दोघांनाही सारखीच होती.

पुतणी : काका, हे सगळं खिळवून ठेवणारं आहे, पण तुम्ही उत्कंठेबद्दल बोलताय, मी अर्थाबद्दल. महाराजांच्या काळात किती गड घेतले-दिले गेले, पण घराघरात उरला तो कोंढाणा. का? तो सर्वांत अवघड होता म्हणून? १६७० मधली ती चढाई दोर लावून, अंधारात, अवघड कड्याने झाली एवढं इतिहासाला पुरलं असतं. लोकांना पुरलं नाही. पोवाड्यात यशवंती घोरपड आली, ती आधी माघारी फिरली, तानाजीने दम भरल्यावर वर गेली. हे डावपेच नाहीत, हे अद्भुत आहे, आणि ते लोकांनी जाणूनबुजून घातलंय. रायगडावरची हिरकणी घ्या. समकालीन कागदात तिचा पत्ता नाही, पण गडाचं नाव काढलं की राजसभेच्या आधी लोक तिचा बुरुज दाखवतात. आणि अगदी जवळचं बघायचं तर दिवाळीत प्रभादेवी, लालबाग, परळच्या चाळी आणि सोसायट्यांच्या आवारात मुलं किल्ला करतात तो बघा. विटा, दगड, वर ओलं गोणपाट, त्यावर मातीचा गिलावा, त्यात पेरलेले अळीव. मावळा दरवाजापेक्षा उंच, वाघ बुरुजाएवढा आणि सगळ्यांच्या वर सिंहासनावर महाराज, तेही इतके मोठे की तो राजवाडा त्यांना अंगरख्यासारखा घालता यावा. मुलांनी मोजमाप साफ धाब्यावर बसवलेलं असतं. ज्याचं मोल जास्त त्याचा आकार मोठा, एवढाच त्यांचा हिशेब. यापेक्षा शुद्ध प्रतीक कुठे मिळणार?

काका : त्याच किल्ल्याकडे पुन्हा बघ, जरा खाली वाकून. मूल आधी काय करतं? वाट काढतं. बोटाने मातीत पायऱ्या पाडतं, त्या थेट वर नेत नाही, डोंगराला वळसा घालून नेतं. प्रत्येक वळणावर एक पहारेकरी उभा करतं. तळं करतं, त्यात पाणी मुरून जातं म्हणून खाली वाटी पुरतं. तोफेचं तोंड वाटेकडे करतं. आणि वाट चुकीच्या बाजूने आली, तर शेजारच्या बिल्डिंगमधली पोरं येऊन हसतात. सिंहासन मोठं असतं ते खरंच, पण त्या सिंहासनापर्यंत पोचायला अवघड व्हावं म्हणून पोराने दोन दिवस घालवलेले असतात. अवघडपणा काढून टाक, सपाट पाटावर महाराज ठेव. मूर्ती तीच, पण तो किल्ला राहील का?

हिरकणीचंही तसंच. तिच्या गोष्टीतला कणा काय? आई आणि तान्हं मूल? ते तर प्रत्येक घरात आहे. कणा असा की सूर्यास्ताला दरवाजे बंद होतात आणि मग कोणासाठीही उघडत नाहीत. ही शिस्त गडाची, डावपेचाची. दुसरी अट, दरवाजा सोडून उतरायला वाट नाही. या दोन अटी कडक आहेत म्हणून ती आई कड्यावरून उतरते तेव्हा ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो. पहारेकऱ्याने ‘जा बाई, लेकरू रडत असेल’ म्हणून दिंडी उघडली असती, तर माणुसकी दिसली असती, गोष्ट झाली नसती. आणि शेवट बघ. महाराज तिचं कौतुक करतात आणि त्याच जागी बुरुज बांधतात. म्हणजे आईच्या मायेने गडाची फट दाखवून दिली आणि गडाने ती बुजवली. गौरव आणि बंदोबस्त एकाच बांधकामात. लोककथा रचणाऱ्यांना तुमच्यापेक्षा डावपेच जास्त कळत होते, म्हणून त्यांचं प्रतीक टिकलं. घोरपडीलाही कडा लागतो. त्या बाजूने कोणी येणार नाही अशी गडकऱ्यांची खात्री होती, म्हणूनच घोरपड तिथे चढते. सोप्या उतारावर घोरपड सोडली असती तर लोक हसले असते.

राजगडची संजीवनी माची डोळ्यापुढे आण. बाहेर एक तट, आत दुसरा, मध्ये माणूस जेमतेम चालेल एवढी खाच. बुरुजही तसेच दुहेरी, आम्ही त्यांना चिलखती म्हणतो. आतल्या तटातून अरुंद दारं आणि उभ्या पायऱ्या त्या खाचेत उतरतात. बाहेरची भिंत फोडून शत्रू जिंकल्याच्या आनंदात आत शिरतो आणि बघतो तर पुढे तेवढीच उंच भिंत, मागे खिंडार, डोक्यावर दगड-गोळे. विजय आणि सापळा यांच्यात चार-दोन हातांचं अंतर. याचं प्रतीक करायला तुला वेगळं काही लिहावं लागेल? जागेचं वर्णन नीट केलंस की प्रतीक आपोआप उभं राहील. गॉर्मेनगास्टचं म्हणालीस, तिथे बाहेरचा शत्रू नसेल, पण स्टीअरपाइक नावाचं स्वयंपाकघरातलं पोर कोंडलेल्या खोलीच्या खिडकीतून निसटतं, छपरांवरून जातं, किल्ल्याच्या फटी शोधत वरवर चढतं. तोही वेढाच आहे, फक्त आतून घातलेला.

पुतणी : ठीक आहे, प्रतीकाला अडचणीचा आधार लागतो हे घेतलं. पण मग तुमच्याच तर्काने पुढे जाते. अडचण वेगळी असेल तर प्रतीकही वेगळं व्हायला हवं. इंग्रजी कादंबऱ्यांतला किल्ला हे मुळात एका सरदाराचं घर. तिथे त्याची बायको बाळंत होते, बापजाद्यांची थडगी असतात, भिंतीवर घराण्याची निशाणं असतात. म्हणून त्या कादंबऱ्यांतली सगळी धास्ती वारशाची: खरा वारस कोण, घर कोणाचं, नाव कोण चालवणार. आमच्याकडचे नवे लेखक तोच किल्ला जसाच्या तसा उचलतात. टोकदार मनोरे, पाण्याचा खंदक, उचलता पूल, फक्त राजाला मराठी नाव. नाथमाधवांची ‘वीरधवल’ आजही पोरंसोरं रात्र जागून वाचतात, पण तिच्या पुढच्या वाटेवर आम्ही नकाशा परक्याचाच वापरला. सह्याद्रीतला गड घर नव्हता. शिवकाळात तो सोपवलेला होता. सभासद बखरीतली व्यवस्था तुम्हीच मला वाचायला लावलीत: एका गडावर हवालदार, सबनीस, सरनोबत, तिघं एका तोलाचे. हिशेब एकाकडे, शिबंदी दुसऱ्याकडे, किल्ल्या तिसऱ्याकडे, कोठाराला वेगळा कारखानीस. वेगवेगळ्या जातींची माणसं मुद्दाम नेमलेली, म्हणजे एकट्याच्या मनात पाप आलं तरी गड शत्रूला देता येऊ नये. हा नुसता बंदोबस्त नाही, माणसाच्या स्वभावाबद्दलचं एक मत आहे. तिथे वारस नाही, जिम्मेदार आहे. म्हणून आपल्या गडाची धास्ती वारशाची नाही, फितुरीची आहे. १७०० ते १७०४ मध्ये औरंगजेब म्हातारपणी स्वतः गडामागून गड घेत सुटला. सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड. त्यातले बहुतेक शेवटी बोलाचाली आणि पैशाने त्याच्या हाती आले, तोरणा तेवढा तलवारीने. आणि त्याची पाठ फिरताच मराठ्यांनी ते परत घ्यायला सुरुवात केली. दगड तेच, तट तेच, पाणी तेच. गड पडला की राहिला हे ठरलं माणसाच्या मनात. काका, तुमचा सर्वांत मोठा डावपेच भिंतीत नव्हताच, तो किल्ल्यांच्या जुडग्यात होता, आणि तिथे डावपेच कुठे संपतो, प्रतीक कुठे सुरू होतं हे मला तरी वेगळं करता येत नाही. काफ्काच्या ‘कॅसल’मध्ये, १९२६ च्या त्या कादंबरीत, तट लढवावाच लागत नाही. कारकून पुरतात. नायक शेवटपर्यंत आत पोचत नाही. आमच्या सबनिसाला ते वाचून आश्चर्य वाटलं नसतं.

काका : इथे मात्र तू मला माझ्याच बुरुजावर गाठलंस. तरी दोन अडथळे घालतो, कारण हे चित्र जरा जास्तच सोज्वळ होतंय. पहिला असा की आपले गडही कायम सोपवलेलेच राहिले नाहीत. रायगडावर राजाचं घर होतं, १६७४ चा राज्याभिषेक तिथेच झाला. पुढे कित्येक ठिकाणी गडावरच्या नेमणुका पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिल्या. तेव्हा ‘त्यांचा वारसा, आमची जबाबदारी’ अशी सरळ वाटणी करू नकोस, इतिहास ती टिकू देणार नाही. दुसरा अडथळा जास्त जड आहे. गड म्हटला की आपण लगेच छाती फुगवतो. पण तो बांधला कोणी? दगड घडवले पाथरवटांनी, बेलदारांनी, वर वाहून नेले गावोगावच्या माणसांनी. घेऱ्यातली मेटं, म्हणजे पहाऱ्याची ठाणी, राखली रामोशांनी, महारांनी, कोळ्यांनी. नेमणुकीत जाती वाटून दिल्या, हे तू फितुरीवरचा उपाय म्हणून सांगितलंस, पण त्याच वाटणीने कोण किती उंच चढणार हेही ठरलेलं होतं. पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाचं काम सारखं ढासळत होतं म्हणून पायात जिवंत माणसं गाडली, अशी दंतकथा आहे. खरी की खोटी हा वेगळा प्रश्न, पण लोकांना असं सांगावंसं वाटलं याला अर्थ आहे. गड कोणाच्या तरी जिवावर उभा असतो हे त्यांना ठाऊक होतं. गडांवर बंदीखानेही होते. एकाच दरवाजाने कोणाला अभय मिळालं, कोणी आयुष्यभर कोंडला गेला. तुझ्या कादंबरीत किल्ल्या कोणाच्या कमरेला हे तू विचारशील, ठीक. त्या किल्लीने कोण बाहेर ठेवला गेला, कोण आत डांबला गेला, हेही विचारशील तरच तुझा गड खरा.

दोघांना इथे थांबवून माझं म्हणणं सांगतो. पुतणीचा पहिला पुरावा बळकट होता: कादंबरीतला गड खऱ्या गडाचं काम संपल्यावर आला. त्यातून तिने काढलेला निष्कर्ष मात्र निघत नाही. ‘मोचनगड’ लिहिला गेला तेव्हा गड निकामी होते, पण ते कसे चालत याची आठवण जिवंत होती. शिबंदीत चाकरी केलेल्यांची नातवंडं तेव्हा हयात होती, त्यांच्या इनाम जमिनी पायथ्याशी होत्या. लेखकाने गड रचला तरी त्याचा कारभार रचावा लागला नाही, तो वाचकाला ठाऊक होता. कल्पित गड खरा वाटला तो त्या उसन्या ज्ञानावर. आजच्या वाचकाकडे ती शिदोरी नाही, म्हणून आजच्या लेखकाला ती पानापानांतून बांधून द्यावी लागते. काकांचं धान्यकोठार इथे उपयोगी पडतं. अर्थ हा कामातून निघतो. पाणी किती पुरेल, दरवाजा कधी मिटतो, शेजारचा डोंगर कोणाकडे आहे, हे ठरलं की पात्रांना निर्णय घ्यावे लागतात, आणि निर्णय घेणारी माणसं दिसू लागली की त्यांच्या भोवतीची भिंत काहीतरी सांगू लागते. आधी प्रतीक ठरवून मग भिंत उभारणाऱ्याच्या हाती नेपथ्य लागतं.

यावर एक आक्षेप येईल की अद्भुत म्हणजे मोकळीक, तिला आज्ञापत्राची बेडी कशाला? पण मोकळीक नियम निवडण्याची असते, नियमच नसण्याची नव्हे. लेखकाने हवेत तरंगणारा गड करावा, खुशाल करावा. मग त्याला पाणी कुठून येतं हे सांगावं, आणि ते आणणारा माणूस एक दिवस रुसला तर काय होईल हेही. रामशेजच्या मांत्रिकाला जो न्याय लागला तोच त्याच्या जादूला लावावा: ती कुठवर पोचते आणि कुठून तिच्यावर धोंडा येऊ शकतो. दुसरा आक्षेप असा की मराठी लेखकाने मराठी गडच लिहावा ही सक्ती कशाला? सक्ती नाहीच. कोणी टोकदार मनोऱ्यांचा किल्ला लिहिला तर बिघडत नाही. मुद्दा एवढाच की परका किल्ला उचलला की त्यासोबत वारसाहक्काची धास्तीही न बोलावता येते, आणि लेखकाच्या हातून तीच जुनी गोष्ट लिहून घेते. सोपवलेल्या गडाची गोष्ट, तीन माणसांत वाटलेल्या भरवशाची आणि तो कुठे उसवतो याची गोष्ट, जगातल्या अद्भुत साहित्यात अजून फारशी झालेली नाही. ती सांगायचा कच्चा माल आपल्या बखरींत पडून आहे.

आणि ती सांगायला डोंगरावरच जायला हवं असंही नाही. मुंबईच्या कोटाचे तट १८६० च्या दशकात, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, पाडले गेले, कारण वाढत्या व्यापाराला ते जाचू लागले होते. जुन्या बॉम्बे कॅसलची जागा आज नौदलाच्या आयएनएस आंग्रेच्या आवारात आहे. ज्या आंग्र्यांच्या आरमाराला त्या कोटातले इंग्रज धास्तावून असत, त्यांचंच नाव आता त्या जागेला आहे. नियतीने एवढं चोख उट्टं काढलेलं कादंबरीकाराला सहसा जमत नाही. तट गेले, पण तटांची गरज वाटणारी माणसं गेली नाहीत. प्रभादेवीत आणि परळमध्ये गिरण्यांच्या जागी जे टॉवर उभे राहिले, त्यांना वेस आहे, पहारा आहे, पाण्याचे साठे आहेत, वर येणाऱ्याची नोंद करणारी वही आहे. आज्ञापत्राच्या कसोटीला लावलं तर बऱ्याच गोष्टींत ते उतरतील, एका गोष्टीत सपशेल नापास होतील. जुन्या गडाचा पहारेकरी त्याच घेऱ्यात राहत असे, पायथ्याची जमीन कसत असे, गड गेला तर त्याचंही घर जात असे. टॉवरच्या दारावरचा पहारेकरी दोन गाड्या बदलून दूरच्या उपनगरातून येतो, बारा तास उभा राहतो आणि ज्या दिवाणखान्यांचं रक्षण करतो त्यांत त्याचा पाय पडत नाही. शिवकाळातल्या कोणत्याही हवालदाराने या गडाची कच्ची बाजू पहिल्याच दिवशी ओळखली असती. मराठीत नवी अद्भुत कादंबरी लिहिणाऱ्याने तिथून सुरुवात केली, तर त्याला ड्रॅगन मागाहून आणता येईल. आधी त्याने एवढं ठरवावं की दार राखणाऱ्याचा त्या दाराशी संबंध काय आहे. त्याचं उत्तर पक्कं झालं की गडाचे डावपेच आणि गडाचा अर्थ हे दोन वेगळे विषय राहत नाहीत, आणि काका-पुतणीचा वाद त्या कादंबरीपुरता तरी मिटतो.